वीतभर इंजिन आणि बारा दातांचं चाक

आमच्या निलंग्याला रेल्वे नाही. पूर्वीही नव्हती. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत आला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. जागचं न हलता आम्ही तीन जिल्हे फिरलो, पण गाडी बघायची तर एस.टी.ने पन्नासेक किलोमीटर लातूर गाठावं लागायचं. अशा गावात राहून मी गेली वीस-बावीस वर्षं रेल्वेची छोटी डिझेल इंजिनं बनवतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘विकत का घेत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

लातूरची जुनी गाडी ही बार्शी लाइट रेल्वेची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मोठा लोहमार्ग सोलापूरकडे गेला तेव्हा बार्शीसारखी भरभराटीची पेठ वीसेक मैल बाजूला राहिली. कापूस, गळीत, धान्य सगळं बैलगाडीनं स्टेशनापर्यंत न्यायचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर आधी त्याच मोठ्या कंपनीच्या नोकरीत होता. त्यानं हे हेरलं, लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं नाव तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, म्हणजे निजामाच्या मुलखात. १९२७ मध्ये ती मिरजेला भिडली. कॅल्थ्रॉप त्याच वर्षी वारला.

हा माणूस मोठा चमत्कारिक. त्यानं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं, अरबी घोडे पाळले आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. पण त्याचं खरं डोकं दिसतं ते बार्शीच्या गाडीत. त्याचा हिशेब असा की हलका रूळ वापरायचा तर कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग इंजिन असो, मालाचा डबा असो की प्रवाशांचा, नियम एकच. इंजिन जड हवं असेल तर त्याला चाकं वाढवा. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीनं बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार, असा पसारा होता. अरुंद रुळावरही भरपूर माल स्वस्तात नेता येतो हे बार्शीनं दाखवलं. पुढे इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेसाठी त्याच कॅल्थ्रॉपनं बार्शीचाच धडा गिरवला. विलायतेतून इकडे आलेल्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. ही इथे सिद्ध होऊन तिकडे गेलेली.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि गाडी मध्य रेल्वेत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझे धाकटे मामा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात खलाशी म्हणून लागले. पुढे ते फिटर झाले. मामांमुळे आमच्या घरात गाडी आली ती अशी, बोलण्यातून.

मी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो तो १९६५ च्या सुमारास, आजीबरोबर आषाढीला. लातूरला गाडी उभी होती आणि तिच्या टपावर आत होती त्याहून जास्त माणसं. आजीनं इंजिनाला हात जोडले. वाटेत एका चढावर काही पोरं उतरून गाडीबरोबर पळत होती आणि पुन्हा चढत होती. आज हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. तेव्हा इंजिन वाफेचं होतं. डिझेल पुढे आलं. अडीच फुटी रुळांवरच्या डिझेल इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘झेडडीएम’ म्हणतात. झेड म्हणजे अडीच फुटी रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हीला चालणारं. यातली बरीचशी आपल्याच चित्तरंजनच्या कारखान्यात बांधली गेली. पत्र्याची पेटी, वर छोटी केबिन, खाली दोन बोग्या. वाफेच्या इंजिनासारखं देखणेपण त्यात नाही हे मला मान्य आहे. मामांना मात्र डिझेलच आवडायचं. ‘कोळशाची राख खाल्ली न्हाईस म्हणून तुला वाफ ग्वाड लागती,’ असं ते मला म्हणत.

मामा निवृत्त झाले आणि मामी गेल्यावर आमच्याकडे निलंग्याला राहायला आले. तेवढ्यात रुंदीकरणाची कामं सुरू झाली. एकेक टप्पा बंद पडत गेला आणि २००८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज होऊन पुरा झाला. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, पहिल्यांदाच रेल्वेच्या नकाशावर आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. छोटी गाडी गेली म्हणून रडणाऱ्यांपैकी मी नाही. तिला लातूरहून कुर्डुवाडीला जायला किती वेळ लागायचा हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. पण मामा एके दिवशी म्हणाले, ‘आरं, निदान एक खेळन्यावानी तरी करून ठिव. पर चालाया पायजे. काचंच्या कपाटात मढं ठिवायचं असलं तर करू नगं.’

तिथून हा उद्योग सुरू झाला. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो, हात बऱ्यापैकी चालत होता. पण मॉडेल म्हणजे काय हे आधी बघायला पाहिजे, म्हणून पुण्याला गेलो. तिथे कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. सिग्नल, स्टेशन, पूल, बोगदे, सगळं हलतं-चालतं. एका माणसाच्या छंदातून हे सगळं झालं, हे तिथे उभं राहिल्यावर पटत नाही. मी दोन खेळ लागोपाठ पाहिले आणि बाहेर येऊन रस्त्यावरच्या कठड्यावर बसून वहीत आकडे लिहिले.

आकडे असे. जगात सगळ्यात जास्त खपणारी छोटी रेल्वे खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीअंश असते आणि तिचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. यात मोठ्या रुळांची गाडी चांगली दिसते, पण आपली अडीच फुटी गाडी यात बसत नाही. मात्र तोच साडेसोळा मिलिमीटरचा रूळ घेतला आणि वरची गाडी एक अठ्ठेचाळीसअंश मापानं बांधली, तर खऱ्या मापात तो रूळ ७९२ मिलिमीटर होतो. बार्शीचा रूळ ७६२ मिलिमीटर. फरक सव्वा इंचाच्या आत. अमेरिकेतही पूर्वी अडीच फुटी गाड्यांची हौस असणाऱ्यांनी हीच युक्ती काढली होती. म्हणजे खाली बाजारात मिळणाऱ्या मोठ्या गाडीच्या मॉडेलची मोटर, चाकं आणि दात्यांचा संच वापरायचा, आणि वरचं अंग आपलं आपण घडवायचं. विकत का घेत नाही, याचं उत्तर इथे आहे. लातूरच्या गाडीचं इंजिन कोणीही बनवून विकत नाही. ते घडवावंच लागतं.

अंग घडवणं त्या मानानं सोपं गेलं. तेलाच्या डब्याचा पत्रा, टेबलाच्या काचेवर ठेवून कापायचा, कडा झाळायच्या. रिव्हेटच्या ओळी पत्र्याच्या मागून ग्रामोफोनच्या बोथट सुईनं ठोकायच्या. कूलिंगच्या जाळीसाठी चहाच्या गाळण्याची जाळी. खिडकीच्या काचा म्हणून एक्सरेची फिल्म, धुऊन पारदर्शक केलेली. मामांची नजर तेव्हाच कमी होत चालली होती. ते बोटांनी चाचपून सांगत, ‘हितली पायरी खाली घे. ड्रायव्हर काय उडी मारून चढतोय काय?’ वीतभर लांबीचं ते अंग पुरं व्हायला मला दीड वर्ष लागलं.

खालचा संच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अमेरिकेतून आणला. परदेशी, नावाजलेल्या बनावटीचा, डबीत कापूस घालून आलेला. इंजिन ओसरीवर मांडलेल्या रुळावर चाललं. मामा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांचा शेरा एवढाच होता, ‘लई पळतंय. हळू कर.’ पुढची तीन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते इंजिन बघावं लागे.

मग एक दिवस टिक्, टिक् असा आवाज यायला लागला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टिक्. मामा लगेच म्हणाले, ‘दाता गेलाय.’ उघडून पाहिलं तर आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक उभं चिरलेलं. ही जुनी दुखणी आहेत. लोखंडी आसावर प्लॅस्टिकचं चाक दाबून बसवतात, प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि शेवटी चिरतं. चीर केसाएवढी असली तरी तिथे दोन दात्यांतलं अंतर वाढतं आणि दुसरं चाक अडखळतं. आतली ही चाकं चार, आणि वर्षभरात चारही गेली.

विद्यार्थ्याकरवी तिकडे चौकशी केली. तो नमुना बनवणं बंद झालं होतं, सुटे भाग संपले होते. नवा पूर्ण संच घ्या, असं उत्तर आलं. त्याच्या किमतीत निलंग्यात तेव्हा चांगली सायकल आली असती.

मी चिडलो होतो. मामा चिडले नाहीत. त्यांनी मला त्या रात्री जे सांगितलं ते मी नंतर तपासून पाहिलं आणि ते खरं निघालं. आपल्या देशात डिझेलचं युग आणलं ते २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-टू इंजिनानं. त्याचा नमुना अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बांधली जाऊ लागली. अल्कोनं १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं. मूळ मालकाचं दुकान बंद आणि आपल्याकडे त्याच नमुन्याची इंजिनं वाढत चाललेली! एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. आपण वाराणसीत पुढची तीन दशकं त्याच वंशाची इंजिनं बांधली. त्यांना लागणारे सुटे भाग बनवायला १९८१ मध्ये पतियाळाला वेगळा कारखाना काढला. माथेरानच्या दोन फुटी गाडीचंही तसंच. तिची पहिली डिझेल इंजिनं १९५० च्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीकडून आली. ती कंपनी इंजिनं बनवायची थांबली तेव्हा त्याच जातीची इंजिनं परळच्या रेल्वे वर्कशॉपात घडवली गेली. माथेरानचे डबे दुरुस्तीला आजवर येत राहिले ते मामांच्या कुर्डुवाडीला. ‘कंपनी मेली म्हणून इंजिन मरत न्हाई,’ मामा म्हणाले. ‘तू माप घे.’

माप घ्यायला मी स्क्रूगेज शाळेच्या प्रयोगशाळेतून आणला. दातेरी चाकाची ओळख पटवायची रीत सोपी आहे. दाते मोजायचे, त्यात दोन मिळवायचे आणि चाकाच्या बाहेरच्या व्यासाला त्या संख्येनं भागायचं. माझ्या चाकाला पंधरा दाते आणि व्यास ६.८ मिलिमीटर. ६.८ भागिले १७, म्हणजे ०.४. याला मोड्यूल म्हणतात. दोन चाकांचा मोड्यूल एक असेल तरच ती एकमेकांत नीट फिरतात. दिसायला कितीही सारखी असोत, मोड्यूल वेगळा म्हणजे सोयरीक जमत नाही.

आता हे ०.४ शोधायला मी किती गावं पालथी घातली ते सांगतो. लातूरच्या एमआयडीसीत दाते पाडणारे लोक होते, पण ट्रॅक्टरचे. माझं चाक तळहातावर पाहून एकानं ते फुंकर मारून उडवलंच जवळजवळ. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलो आणि घड्याळांची पोतंभर चाकं घेऊन आलो. घरी आल्यावर कळलं की घड्याळाच्या दात्यांचा आकारच निराळा असतो. ती चाकं वेग वाढवण्यासाठी घडवलेली, मोटरच्या वर्मशी त्यांचं जमत नाही. हैदराबाद आम्हाला पुण्याहून जवळ. तिथे कोठीच्या गुजराती गल्लीत मोटरी मिळाल्या, टेपरेकॉर्डरच्या. स्वस्त, आवाज न करणाऱ्या. पण टेपरेकॉर्डरच्या मोटरीच्या पोटातच वेग स्थिर ठेवणारी व्यवस्था असते. गाण्यासाठी ती हवीच, रेल्वेला नको. वीज कमी करा, जास्त करा, बाईसाहेब आपल्याच चालीनं चालणार. आमच्या गावातला टेप दुरुस्त करणारा तोवर मोबाइल विकायला लागला होता. त्यानं जुन्या मालाचं एक खोकंच मला देऊन टाकलं. त्यात सीडी प्लेयरच्या मोटरी निघाल्या आणि त्या चालल्या. दातेरी चाकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तात्पुरता इलाज मामांनीच सांगितला. आस बारीक पॉलिश पेपरनं किंचित घासायचा, म्हणजे चाक त्यावर ताण न घेता सैल बसेल. चीर आपोआप मिटते. मग आतून चिकटद्रव्यानं पक्कं करायचं. तसं केलं, इंजिन चाललं. सहा महिन्यांनी पुन्हा टिक्.

मी खचलो ते तेव्हा. मामांची दृष्टी जवळजवळ गेली होती, त्यांना दिवसभर काही काम नसे आणि संध्याकाळी ते विचारत, ‘गाडी आज हाय का?’ नाही म्हणायला जीव होत नसे. मी सांगे, वीज नाही. निलंग्यात ते खपून जायचं.

उत्तर मिळालं ते जत्रेत. प्लॅस्टिकची दहा-दहा रुपयांची चिनी मोटार. पोरानं तुडवलेली एक मी उचलून आणली, कारण आता मला मोडकी वस्तू रस्त्यावर पाहवत नाही. आतलं चाक मोजलं. बारा दाते, सात मिलिमीटर. सात भागिले चौदा, म्हणजे ०.५. माझ्या ०.४ च्या वर्मला ते चालणार नव्हतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. मामांना सहज सांगितलं. ते म्हणाले, ‘मग वर्म कशापायी जपतोयस? नवरी मिळंना तर नवरा बदल की.’ कुर्डुवाडीत ते असंच करायचे म्हणे. एक भाग मिळेना तर त्याचा जोडीदारही बदलायचा, म्हणजे दोन्ही भाग आपल्या हातातले होतात. मी तीन वर्षं एकच सुटा भाग शोधत होतो. जोडी शोधायची हे डोक्यात आलंच नाही.

०.५ मापाचे वर्म आणि चाकं खेळण्यांच्या सामानात शेकड्यांनी मिळतात. ती पितळेची घेतली, लातूरच्या एका लेथवाल्याकडून भोकं बरोबर करून घेतली. वर्मच्या एका फेऱ्यात बारा दात्यांचं चाक एक दाता सरकतं, म्हणजे मोटरीचे बारा फेरे झाले की चाकाचा एक. चाकाचा व्यास साडेचौदा मिलिमीटर. हिशेब केला तर मोटर मिनिटाला २७०० फेरे घेत असताना इंजिन मापाप्रमाणे ताशी तीस किलोमीटर चालत होतं. छोट्या गाडीला तेवढंच पुष्कळ.

२०११ च्या दिवाळीत इंजिन पुन्हा रुळावर आलं. मामा खाटेवरून उतरून खाली बसले आणि त्यांनी रुळाशेजारी जमिनीवर हात ठेवला. तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, ‘तिकडच्या कोपऱ्यातला सांधा वर हाय.’ होताच. मी तो ठोकून बसवला. चौथ्या फेरीला ते काही बोलले नाहीत. त्यानंतर दीड वर्षं, म्हणजे ते गेले तोवर, रोज संध्याकाळी गाडी सुटत होती. वीज नसेल त्या दिवशी इन्व्हर्टरवर.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी संपलं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिण्या. ती कोणत्या वाटेनं आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ रुंद झाले होते, बार्शीपुढे धाराशिवचा वळसा आला होता, पण वाट तीच, कॅल्थ्रॉपच्या कंपनीनं जोडत नेलेली. मी ती गाडी बघायला लातूरला गेलो होतो. पुढे डिझेल इंजिन होतं. गर्दी पाणी बघत होती. मी बोगीचे आस बघत होतो, पहिल्या दोन आसांतलं अंतर वेगळं आणि पुढच्या दोनांतलं वेगळं, ही अल्कोच्या घराण्याची खूण. शेजारच्या माणसानं विचारलं, ‘काय हरवलंय का?’

आता त्याच लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे, डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. निलंग्याला अजून रेल्वे नाही. माझ्या ओसरीवर सध्या तिसरं इंजिन आहे आणि त्याच्या मोटरीचे कार्बन झिजलेत. सीडी प्लेयरही आता कुणी भंगारात टाकत नाही, टाकायला उरलेच नाहीत. पितळी चाकांच्या दोन जोड्या मात्र मी फोटोच्या रोलच्या डबीत जपून ठेवल्या आहेत. डबीवर दाते, व्यास आणि मोड्यूल लिहून ठेवलाय.